तीन माणसं, एकच गळा

सांगितल्याशिवाय राहवत नाही म्हणून लिहायला बसलेय. मशीनवर ब्लाऊज अर्धवट पडलंय, गिऱ्हाईक संध्याकाळी येईल. येऊ दे. गेल्या पौषातली गोष्ट. दुपारचे साडेतीन. उमापुरातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी एका बाहीला टीप मारत होते, आणि मारता मारता मला कळलं की पिक्चरमधला चौकीदार, पुजारी आणि डॉक्टर ही तिघं एकच माणूस आहे!

दिसायला तिघं वेगळीच. चौकीदार हडकुळा, पुजाऱ्याचं पोट सुटलेलं, डॉक्टर सुटाबुटातला. पण मी बघत कुठे होते? शिवणाऱ्या बाईचे डोळे सुईपाशी असतात. फोन बॉबिनच्या डबीला टेकवायचा, पिक्चर लावायचा आणि ऐकायचा, ही माझी सात-आठ वर्षांची सवय. त्यात जुने, स्वस्तातले भुताचे आणि खुनाचे पिक्चर मला फार सोयीचे. बघावंच लागत नाही. दार करकरलं की कोणीतरी आत आलं. कुत्रं रडलं की कोणीतरी जाणार. बाई किंचाळली म्हणून मान वर करावी, तर तोवर व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

त्या दुपारी चौकीदारानं नायकाला बजावलं, हवेलीकडे फिरकू नको. दहा मिनिटांनी पुजाऱ्यानंही बजावलं, आणि माझा पाय पायडलवर थांबला. 'ह' म्हणताना छातीतून येणारी तीच घरघर, वाक्य संपताना तीच घसरण. मागे घेतलं, चौकीदार. पुढे नेलं, पुजारी. डोळे मिटून पुन्हा ऐकलं. अहो, एकच माणूस! मग डॉक्टर आला, त्यानं नाडी धरून तोंड उघडलं आणि मी रिकाम्या खोलीत ओरडले, "हा बघा, परत आला!"

आतून सासूबाई म्हणाल्या, "कोण आलं गं? चहा टाकू का?"

रात्री मुंबईला मावसभावाला फोन लावला. तो अंधेरीत एका डबिंग स्टुडिओत गर्दीचे आवाज देतो. लग्नाचं वऱ्हाड, बाजार, दंगल, काय म्हणाल ते. तो हसतच सुटला. "ताई, तुला आत्ता कळलं होय? त्या काळातला बहुतेक सगळा आवाज नंतर लावलेला आहे. नायकाचासुद्धा. छोट्या बजेटच्या पिक्चरला तर एकाच माणसाकडून चार-पाच जणांचं बोलणं उरकून घ्यायचे."

सगळा? पळताना लागणारी धाप, चहाचा घोट, रडणं? म्हणे, सगळा. त्या रात्री मला झोप आली नाही. चाळिशीपर्यंत जे ऐकत आले ते तिथं घडलेलंच नव्हतं! पाऊस एका जागी, माणूस दुसऱ्या जागी आणि त्याचा गळा तिसऱ्याच जागी.

पण आवाज तिथल्या तिथे का घेत नव्हते? याचं उत्तर ऐकून मी माझ्या मशीनकडे बघतच राहिले. रिळाचा कॅमेरा सेकंदाला २४ वेळा फिल्म ओढतो, थांबवतो, चित्र घेतो, पुन्हा ओढतो. ओढ, थांब, ओढ, थांब. आमच्या शिलाई मशीनचे दाते कापड सरकवतात तसंच! आणि हा नुसता माझ्या मनाचा खेळ नाही. फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंनी १८९५ साली आपलं सिनेयंत्र जगापुढे आणलं, तेव्हा फिल्म थांबत थांबत पुढे नेण्याची युक्ती त्यांना शिवणयंत्रावरूनच सुचली होती. म्हणजे सिनेमा आमच्या भावकीतला निघाला. आता जे यंत्र शिवणयंत्राच्या जातीचं, ते गप्प कसं बसेल? बाहेरच्या चित्रीकरणात सर्रास वापरला जाणारा ॲरी कंपनीचा हलका कॅमेरा चांगलाच घरघरायचा. त्याला गप्प करायचं तर जाडजूड आवरण घालावं लागे, ते जड आणि महाग. कमी पैशाच्या पिक्चरला परवडणार कसं? म्हणून जागेवर फक्त कच्चा आवाज घ्यायचा, त्याला 'पायलट ट्रॅक' म्हणतात. कोण काय आणि कधी बोललं त्याची ती आठवण. खरं बोलणं काही महिन्यांनी, मुंबईतल्या बंद खोलीत.

त्या खोलीतली पद्धत तर आणखी भारी. आता सगळं संगणकावर होतं, पण तेव्हा दृश्याचा तुकडा कापून त्याची दोन्ही टोकं जोडत आणि माळ करत. ती लूप. ती पडद्यावर फिरत राहायची, पुन्हा तेच, पुन्हा तेच. समोर माइकपाशी नट कानाला हेडफोन लावून उभा. ओठ हलायला लागले की बोल. जमलं नाही? माळ फिरतेच आहे, परत बोल.

मी लगेच मापं काढली, सवयच आहे. ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला दीड फूट धावते. दहा सेकंदांची लूप म्हणजे १५ फूट, म्हणजे ५ वार. पाचवारी साडी! १८ सेकंदांचा संवाद असेल तर नऊवारी. अडीच तासांचा पिक्चर १३,५०० फुटांचा, म्हणजे ४,५०० वार, म्हणजे बरोबर पाचशे नऊवारी लुगडी. एवढ्या कापडाला, वारावाराला, बंद खोलीत उभं राहून कोणीतरी आवाज शिवलाय. आणि माप चुकून चालत नाही. एक चित्र म्हणजे सेकंदाचा चोविसावा भाग. दोन-चार चित्रांचा फरक पडला की बघणाऱ्याला कुठंतरी उसवल्यासारखं वाटायला लागतं.

मग मी उलटं करून पाहिलं. 'पुराना मंदिर' लावला, १९८४ चा. एकदा नेहमीसारखा, एकदा आवाज बंद करून, एकदा फोन पालथा ठेवून नुसता आवाज. आवाज बंद केला तर त्यातला सैतान सामरी म्हणजे रंग फासलेला एक उंच गृहस्थ. ते काम करणारे अजय उर्फ अनिरुद्ध अग्रवाल रुरकीला शिकलेले इंजिनिअर, हे कळल्यावर तर मला त्यांची कणवच आली. पण फोन पालथा घातला, नुसता आवाज ऐकला, आणि दुपारच्या उन्हात, बाहेर ट्रॅक्टर चालू असताना, मी उठून मागचं दार लावून आले. भीती सगळी कानात होती! डोळ्यांना फुकटच श्रेय मिळत होतं.

हा पिक्चर रामसे बंधूंचा. किती भाऊ? सात! कुमार लिहिणारे, केशू निर्मितीचं बघणारे, तुलसी आणि श्याम दिग्दर्शक, गंगू कॅमेऱ्यावर, अर्जुन कापाकापीला, म्हणजे संकलनाला. आणि किरण आवाजाला. एका घरात सात भाऊ असले तर आमच्याकडे सात हिस्से पडतात, यांनी पिक्चर काढले. पण मला वेड लागलं ते वडिलांच्या धंद्यानं. फतेहचंद रामसिंघानी यांचं कराचीत रेडिओचं दुकान होतं. इंग्रज गिऱ्हाइकांना आडनाव उच्चारता येईना म्हणून रामसिंघानीचं रामसे झालं. फाळणीनंतर हे कुटुंब मुंबईत आलं, आणि लॅमिंग्टन रोडवर पुन्हा रेडिओचंच दुकान थाटलं. बघा म्हणजे! देशाला घाबरवणारं घर मुळात रेडिओवाल्यांचं. माणूस न दिसता त्याचा आवाज खोलीत येतो, हे ज्या घरातली पोरं रोज बघत वाढली, त्यांना भुताचं वेगळं काय शिकवायचं?

त्यांचा १९७२ चा 'दो गज ज़मीन के नीचे' महाबळेश्वरला सरकारी विश्रामगृहात चित्रित झाला. सगळं कुटुंब बसमध्ये घालून नेलं होतं. पुढं मुरूड-जंजिऱ्याच्या नवाबांचा राजवाडा त्यांच्या पिक्चरांत दिसायला लागला. आम्ही कोकणात सहलीला गेलो तेव्हा तो राजवाडा रस्त्यावरून पाहिला होता. टेकाडावर उभा, खाली समुद्र. लाटा आणि वारा एवढा की शेजारच्या बाईचं बोलणं ऐकू येईना. तेव्हा नुसता फोटो काढला होता. आता कळतंय, त्या वाऱ्यात कोण कुजबुजणार आणि कोण ती कुजबुज टिपणार! पडद्यावरचा राजवाडा रायगड जिल्ह्यातला, पण त्यातली कुजबुज मुंबईतल्या गादी लावलेल्या खोलीतली.

आणि 'पुराना मंदिर'च्या नावांत काय सापडलं माहितीये? सदाशिव अमरापूरकर! आपले नगरचे. अमरापूर म्हणजे शेवगाव तालुक्यातलं, आमच्या गेवराई तालुक्याच्या हद्दीला लागून असलेल्या शेवगावातलं. उमापूर आणि अमरापूर, नावं ऐकली तर बहीण-भाऊ वाटावेत. १९८३ च्या 'अर्धसत्य'मधला त्यांचा रामा शेट्टी ज्यानं ऐकला असेल त्याला तो आवाज विसरता येणार नाही. वर न चढता घाबरवणारा, सुपारी कातरत बोलल्यासारखा. ज्या भागात आम्ही बाजारहाट करतो तिथलं आडनाव त्या भुताच्या पिक्चरच्या पाटीवर! मी सासूबाईंना पाटी थांबवून दाखवली. त्या म्हणाल्या, "मग? आपली माणसं काय कमी भ्या घालतेत का?"

आता खरी गंमत. मावसभाऊ म्हणाला होता, "ताई, डबिंगची खोली मेलेली पाहिजे." मेलेली म्हणजे आवाज घुमता कामा नये. भिंतींना गाद्या, पडदे, छिद्रांचे तक्ते. मी म्हटलं, आमच्याकडे कुठली आलीय तसली खोली? आणि बोलता बोलताच आठवलं, आहे की! माघ लागला होता. कापूस वेचून झाला होता, भाव नव्हता, म्हणून मधल्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरलेला. दारापाशी उभं राहण्यापुरती जागा. आत गेले, टाळी वाजवली. टाळीचा आवाज हातातच मेला. अंगावर काटा आला. 'ओ' म्हटलं, 'ओ' पुढं गेलाच नाही, कापसानं पिऊन टाकला. अंधेरीतल्या लोकांनी पैसे मोजून केलेली खोली आमच्याकडे भाव पडल्यामुळे फुकट तयार होती!

मग काय, रेकॉर्डिंग लावलंच. पुतण्याचा फोन पडद्याला, माझा फोन माइकला, मध्ये फडकं. ११ सेकंदांचं दृश्य घेतलं. पांढऱ्या साडीतली बाई जिन्यावरून उतरते, एक वाक्य बोलते आणि हसते. भुताचं काम सासूबाईंना. त्यांचं वय ७१. त्या म्हणाल्या, "मला हिंदी येत नाही." म्हटलं, आत्याबाई, आपण भुताला मराठी बोलायला लावू.

मूळ वाक्य 'भाग जाओ यहाँ से' असं साधंच. मी मराठी केलं, 'इथून निघून जा.' लावून पाहिलं. घोटाळा! वाक्य सुरू होताना बाईचे ओठ मिटलेले दिसतात आणि आमचा 'इ' तर उघड्या तोंडाचा. तेव्हा डोक्यात वीज चमकली. शाळेत बाईंनी पाठ करून घेतलं होतं ना: कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य! क, च, ट, त हे वर्ग तोंडाच्या आत तयार होतात, बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. पण प, फ, ब, भ, म यांना ओठ मिटावेच लागतात. डबिंग करणाऱ्याचा सगळा जीव या पाच अक्षरांत अडकलेला असतो. बाकी अक्षरं सैल शिवली तरी चालतात, ही पाच मापातच बसली पाहिजेत. 'भाग'च्या जागी 'पळून' टाकलं, ओठ मिटले. 'जाओ'ला 'जा' बसलं. 'यहाँ से'ला 'इथून' घालून पाहिलं तर 'थू'ला ओठांचा चंबू होतो आणि तिचं तोंड तर उघडं. शेवटी 'आता'. 'पळून जा आता.' बसलं! असं बसलं की पुतण्यानं शिट्टी मारली. हजार वेळा पाठ केलेली वर्णमाला मला त्या दिवशी पहिल्यांदा कामाला आली.

सासूबाईंचा पहिला टेक गेला, कारण त्या बाई जिना उतरायच्या आत बोलल्या. दुसरा गेला, कारण बोलल्याच नाहीत, बघत बसल्या. तिसऱ्याला वाक्य अगदी बरोबर आलं, पण शेवटी खसखस ऐकू आली. कापसानं अंगाला खाज सुटते, त्या दंड खाजवत होत्या. आठव्या टेकला वीज गेली. वाक्य बाराव्याला झालं, पण हसू काही केल्या येईना. "बिनाकारण कसं हसू बाई? भूत झाले तरी काही कारण पाहिजे का नाही?" बरोबरच होतं त्यांचं. हसायला आणि रडायला लावणं सगळ्यात अवघड, हे मावसभाऊही म्हणतो. मग पुतण्या म्हणाला, "आजी, हसू नको. ज्वारी राखताना पाखरांना घालतेस तशी हाक घाल." त्यांनी छाती भरून घेतली आणि माळ्यावर उभं राहून चार शेतं पलीकडं जाणारी ती हाक त्या अडीच फुटांच्या जागेत घातली. खोलीत काहीच झालं नाही. हाक कापसात गेली. त्या म्हणाल्या, "आँ? कुठं गेला माझा आवाज?"

मी हेडफोन लावून ऐकलं आणि दोन्ही हातांनी काढून फेकला.

काय सांगू तुम्हाला! त्या हाकेच्या मागे ना शेत होतं, ना भिंत, ना छप्पर. आपण रोज जो आवाज ऐकतो त्याच्या अंगाला जागा चिकटलेली असते. विहिरीतला आवाज विहिरीचा वास घेऊन येतो, सभामंडपातला सभामंडपाचा. या आवाजाला पत्ताच नव्हता. तो कुठूनच येत नव्हता, सरळ माझ्या कानात उभा होता. आणि तेव्हा मला त्या सगळ्या जुन्या पिक्चरांचं गुपित कळलं. लोक हसतात ना, आवाज ओठाला जुळत नाही, माणूस लांब मुंगीएवढा दिसतोय आणि बोलतोय कानाशी, सगळं कसं खोटं वाटतं म्हणून? अहो, तेच तर घाबरवतं! भूत म्हणजे दुसरं काय? अंगाशी न जुळणारा आवाज. बाकीच्या पिक्चरांत जी खोट, ती भुताच्या पिक्चरला लागू पडली. साउंडवाले मग त्या पत्ता नसलेल्या आवाजाला यंत्रातून घुमवून खोटी हवेली चिकटवत. आधी खोलीनं घुमणं काढून घ्यायचं, मग यंत्रानं परत द्यायचं.

आणि कधीकधी तर हे भूत शब्दशः खरं असतं. स्मिता पाटील गेल्या १३ डिसेंबर १९८६ ला. त्यांचा 'वारिस' आला १९८८ मध्ये. पडद्यावर त्या चालतात, भांडतात, रडतात आणि आवाज रेखाचा आहे. मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या देणारा स्मितांचा आवाज ज्यांनी ऐकला होता, त्यांना थिएटरात काय वाटलं असेल? संजीव कुमार गेले १९८५ मध्ये, 'प्रोफेसर की पडोसन' आला १९९३ मध्ये, आणि त्यांचं बोलणं पुरं केलं आपल्या सुदेश भोसल्यांनी. गेलेल्या माणसाच्या ओठांवर नजर ठेवून माइकपुढे उभं राहायचं. मला तर हे श्राद्धाचं पान वाढण्याइतकं जपून करायचं काम वाटतं.

जिवंत माणसांच्याही तऱ्हा. श्रीदेवींच्या ऐंशीच्या दशकातल्या बऱ्याच हिंदी पिक्चरांत बोलणं नाझ यांचं, म्हणजे बालकलाकार म्हणून गाजलेल्या बेबी नाझ यांचं. 'आखरी रास्ता'मध्ये रेखाचं. १९८९ च्या 'चांदनी'त श्रीदेवी पहिल्यांदा स्वतःच्या गळ्यानं हिंदी बोलल्या. मी शिवताना हे पिक्चर कितीदा ऐकलेत, आणि 'चांदनी' लागला की दर वेळी वाटायचं, हिला सर्दी झाली होती का? सर्दी नव्हती. ती खरी होती!

मराठीत शोधायला गेले तर घरातलंच भूत सापडलं. तात्या विंचू! महेश कोठारे यांचा 'झपाटलेला', १९९३. तो बाहुला रामदास पाध्यांचा. पाध्ये म्हणजे शब्दभ्रमकार, वडिलांपासून घरात चालत आलेली बोलक्या बाहुल्यांची कला. आणि बाहुल्याचा गळा दिलीप प्रभावळकरांचा. आता इथं थांबा, कारण मी इथं उडालेच. शब्दभ्रमकाराला ओठ हलवायची बंदी, म्हणून प, ब, म हीच अक्षरं त्याची वैरी. डबिंगवाल्याला दुसऱ्याचे ओठ गाठायची सक्ती, म्हणून प, ब, म हीच त्याचीही वैरी! एकाला ती लपवायची, दुसऱ्याला ती गाठायची. दोन्ही कला त्या एका बाहुल्याच्या जबड्यात येऊन भेटल्या आणि महाराष्ट्रातल्या एका पिढीनं रात्री पांघरूण डोक्यावर ओढलं. आमच्याकडे पुतण्या अजून बाहुली कपाटात ठेवून कडी लावतो.

तिकडे इटलीतही हाच प्रकार चालायचा. तिथले खुनाचे स्वस्त पिक्चर 'जाल्लो' म्हणून ओळखले जातात. जाल्लो म्हणजे पिवळा, कारण तिकडे रहस्यकथांची पुस्तकं पिवळ्या मुखपृष्ठांची असत. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकर वाचायचे, तसं. तिथं सेटवर एक नट इटालियन बोलायचा, दुसरा इंग्रजी, तिसरा जर्मन. आवाज नंतरच लागणार, मग भांडायचं कशाला? मारिओ बावा यांचा १९६४ चा 'ब्लड अँड ब्लॅक लेस' इंग्रजीत आला तेव्हा त्यातल्या बहुतेक पुरुषांचे आवाज पॉल फ्रीस या एकाच माणसानं दिले. मुख्य नट कॅमेरॉन मिचेल अमेरिकन, त्याला इंग्रजी येत होतं, तरी त्याचाही! माझा चौकीदार-पुजारी-डॉक्टर तिकडेही होता तर. आणि इंग्रजी 'डॉ. नो'मध्ये समुद्रातून वर येणारी उर्सुला अँड्रेस? बोलते निक्की व्हान डर झिल. १९६२ साली सगळं जग जिच्याकडे बघत होतं, तिला ऐकत नव्हतंच.

२००१ मध्ये 'लगान'नं चित्रीकरणाच्या जागेवरचा आवाज घेऊन दाखवला, राष्ट्रीय पुरस्कारही मिळवला, आणि हळूहळू वारं फिरलं. पण गळे उसने द्यायचं काम थांबलं नाही, उलट वाढलं. आमच्या गावात पारावर ज्याची वाक्यं पोरं म्हणतात तो हिंदीतला 'पुष्पा' बोलतो श्रेयस तळपदेंच्या तोंडून. 'केजीएफ'चा यश बोलतो सचिन गोळे यांच्या. 'बाहुबली'चा प्रभास शरद केळकरांच्या, आणि केळकर लहानपणी अडखळत बोलायचे, हे त्यांनीच सांगितलंय. दक्षिणेचे धिप्पाड नायक आणि आत बसलेली आपली मराठी माणसं!

हे सगळं मी रात्री जेवताना सांगत होते. सासूबाई भाकरी मोडत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मला काय सांगती? मी तर अख्खा पिक्चर बाहेरूनच ऐकलाय." लग्नाच्या आधीची गोष्ट. जत्रेत तंबूचा सिनेमा आला होता. भावांना तिकीट काढलं, पोरीला कशाला म्हणून हिला बैलगाडीपाशी बसवलं. तंबूच्या कापडातून आवाज येत होता. त्या गाडीखाली बसून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. कोण कसं दिसतं ते त्यांनी मनानंच ठरवलं. खलनायकाला गावातल्या एका सावकाराचं तोंड दिलं. "दुसऱ्या दिवशी भाऊ गोष्ट सांगू लागले, तर मीच त्यांच्या चुका काढल्या. ते बघत बसले, त्यांना ऐकू कुठं आलं?"

मी ताटावरून उठले नाही, हात तसाच सुकला. महिनाभर मी जे फोन पालथा घालून, मुंबईला फोन लावून, कापसात घुसून शोधत होते, ते ही बाई पन्नास वर्षांपूर्वी बैलगाडीखाली बसून करून मोकळी झाली होती.

आमचं ११ सेकंदांचं दृश्य तयार आहे. शेवटी पुतण्यानं पाटी टाकलीय आणि त्यावर सासूबाईंचं पूर्ण नाव आहे, 'आवाज' या शब्दापुढे. जुन्या पिक्चरांच्या पाट्यांवर केस विंचरणाऱ्याचं, कपडे शिवणाऱ्याचं नाव असतं, पण ज्याचा गळा वापरला त्याचं बहुतेकदा नसतं. तेवढी एक चूक आम्ही केली नाही. त्यांनी स्वतःचं नाव तीनदा वाचलं आणि म्हणाल्या, "पदर खोचायच्या आत संपला की गं पिक्चर."

कापूस फाल्गुनात विकला. भाव फार मिळाला नाही. मधल्या खोलीत आता टाळी वाजवली की घुमते.